परिसरीय तंत्रिका उद्दीपन (हाताची जीर्ण वेदना)

मेंदू व मेरुरज्जूबाहेरच्या तंत्रिकेलगत इलेक्ट्रोड ठेवून सौम्य विद्युत् स्पंदांनी वेदना शमवण्याची पद्धत. बोलीतली ‘नस’ रक्तवाहिनीलाही लागू पडते. येथे तंत्रिका, म्हणजे संदेश वाहणारा मज्जातंतू, अभिप्रेत आहे. हातात मुख्यतः अल्नर, मीडियन व रेडियल, तर खांद्यासाठी अ‍ॅक्सिलरी व सुप्रास्कॅप्युलर या तंत्रिका निवडतात.

उगमाविषयी एकमत नाही. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गुस (इ. स. पहिले शतक) डोकेदुखी व गाउटवर विजेचा झटका देणारा टॉर्पेडो मासा सुचवतो. काही लेखक परंपरा तिथपर्यंत नेतात, पण तो संबंध ओढूनताणून जोडलेला वाटतो. वैद्य यूल्युस अल्टहाउस यांनी 1859 च्या सुमारास हातापायांच्या तंत्रिकांना वीज दिल्यास वेदना घटते, असे नोंदवले. शरीरात इलेक्ट्रोड रोपण्याचा पहिला मान काही जण मेंदूशल्यतज्ज्ञ शेल्डन यांना देतात. मात्र त्यांचे इलेक्ट्रोड जबड्याच्या तंत्रिकेवर, चेहऱ्याच्या वेदनेसाठी होते. हातापुरते पाहता चेताशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल व मेंदूशल्यतज्ज्ञ विल्यम स्वीट यांचाच दावा सबळ ठरतो. 1965 मध्ये त्यांनी एका तरुणीच्या अल्नर व मीडियन तंत्रिकांवर इलेक्ट्रोड बसवले. तत्पूर्वी दोघांनी स्वतःच्याच डोळ्याखालच्या तंत्रिकेत सुया खुपसून प्रयोग केला होता. त्यांच्या 1967 च्या निबंधात आठ रुग्ण आहेत. 0.1 मिलिसेकंदाचे स्पंद, सेकंदाला 100. मुंग्या येईपर्यंत विद्युत् दाब (व्होल्टेज) वाढवायचा. चौघांना दोन मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक आराम पडला.

आधार वॉल व मेल्झॅक यांच्या 1965 च्या द्वारनियंत्रण सिद्धांताचा. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात आणि आपण नकळत ते चोळू लागतो. स्पर्श वाहणारे जाड तंतू जागे झाले की मेरुरज्जूत बारीक तंतूंच्या वेदनासंदेशाला अटकाव होतो, असे हा सिद्धांत मानतो. तपशिलांत तो पुढे पुष्कळ बदलला.

सुरुवातीचे इलेक्ट्रोड तंत्रिकेभोवती कडे घालत. त्याने व्रणऊती वाढून तंत्रिकेलाच इजा होई, म्हणून पद्धत मागे पडली. आता सोनोग्राफीत पाहून सुईवाटे बारीक तार तंत्रिकेजवळ सोडतात. काही तारा 60 दिवसांनी काढून टाकतात. कायम रोपणाआधी सहसा चाचणी घेतात. पक्षाघातानंतरच्या खांदेदुखीवर अ‍ॅक्सिलरी तंत्रिकेच्या उद्दीपनाचे नियंत्रित अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. हात सतत हलता असल्याने तार सरकणे वा तुटणे ही नेहमीची अडचण, शिवाय जंतुसंसर्ग.