डेक्स्टर गुरांतील आखूड पायांची आनुवंशिकता

डेक्स्टर ही आयर्लंडमधील लहान चणीची, दूध व मांस या दोन्हींसाठी पाळली जाणारी गुरांची जात. तिच्यात आखूड व लांब पायांची असे दोन प्रकार आढळतात.

जातीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. लॉर्ड हॉवर्डन यांच्या जमीनदारीचा कारभारी डेक्स्टर याने बहुधा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगराळ भागातील निवडक गुरांपासून ती घडविली, अशी कथा एकोणिसाव्या शतकातील शेतीतज्ज्ञ डेव्हिड लो यांच्या लेखनातून रूढ झाली. जेम्स विल्सन यांनी १९०९ मध्ये डेक्स्टर ही केरी या आयर्लंडमधील दुसऱ्या जातीच्या गुरांच्या संकरातून आली असावी, असे मांडले. रॉयल डब्लिन सोसायटीने १८९० मध्ये सुरू केलेल्या वंशनोंदवहीत केरी व डेक्स्टर या दोहोंची नोंद होती. कारभाऱ्याच्या कथेपेक्षा केरीशी असलेले नातेच अधिक ग्राह्य वाटते. कारण आखूड पायांचा डेक्स्टर निवडीने कधीच शुद्ध होत नाही, म्हणजे त्याची सर्व वासरे आखूड पायांची निघत नाहीत.

आखूड पायांच्या वळूचा आखूड पायांच्या गाईशी संयोग झाल्यास सरासरीने चारांपैकी दोन वासरे आखूड पायांची, एक लांब पायांचे व एक ‘बुलडॉग’ म्हणजे जन्मापूर्वीच दगावणारा विकृत गर्भ होते. या गर्भाचे डोके मोठे व फुगीर, तोंड चेपलेले, पाय अत्यंत खुरटलेले असून पोटाच्या भित्तीतून आतडी बाहेर आलेली असतात. बहुधा सातव्या महिन्याच्या सुमारास किंवा त्याआधीच गाय गाभडते. एडिंबरो येथे एफ. ए. ई. क्रू यांनी १९२० च्या दशकात अशा वासरांचा अभ्यास केला. आखूड पायांचा हा जनुक अपूर्ण प्रभावी आहे: एक प्रत असता पाय आखडतात, दोन प्रती असता गर्भ दगावतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ मध्ये दोष अ‍ॅग्रिकॅन जनुकात असल्याचे दाखविले. अ‍ॅग्रिकॅन हे कूर्चेतील प्रथिन आहे. लांब हाडे कूर्चेच्या वाढपट्टीतून वाढतात, म्हणून पायांवरच परिणाम सर्वाधिक दिसतो. या जनुकात दोन उत्परिवर्तने (जनुकातील बदल) आढळली: चार क्षारकांची (डीएनएच्या साखळीतील घटकांची) भर व एका क्षारकाचा बदल.

चाचणीने वाहक गुरे ओळखता येतात. आखूड पायांच्या गाईला लांब पायांचा वळू दिल्यास वासरांत दोन्ही प्रकार सारखेच येतात, बुलडॉग येत नाही. पैदाशकाराने हाच मार्ग धरावा.

सर्व ठेंगण्या गुरांना हा नियम लागू नाही. केरळातील वेचूर या ठेंगण्या जातीची ठेवण प्रमाणबद्ध असते. सामान्यतः गुरांची उंची अनेक जनुकांवर ठरते. ५८,२६५ गुरांच्या आधारे २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात तिच्याशी निगडित १६३ जनुकीय स्थाने आढळली.