यकृतातील गाठींचे ऊतक-अभिरंजन

यकृतात आढळलेली कर्करोगाची गाठ यकृतपेशींपासूनच उद्भवली आहे, की आतडे, फुप्फुस, स्तन किंवा स्वादुपिंड यांच्या कर्करोगातील पेशी तेथे येऊन रुजल्या आहेत, हे ओळखण्यासाठी बायोप्सीच्या ऊतकाला रंग देऊन (अभिरंजन) केली जाणारी तपासणी. सिरोसिस (यकृत व्रणयुक्त व कठीण होण्याचा विकार) नसलेल्या यकृतात दुसरीकडून आलेली, म्हणजे दुय्यम, गाठ अधिक आढळते. सिरोसिस असल्यास मात्र प्राथमिक, म्हणजे यकृतातच उद्भवलेल्या, कर्करोगाची शक्यता वाढते आणि सीटी किंवा एमआरआयवरील ठराविक चित्रावरून पुष्कळदा बायोप्सीशिवायच निदान होते.

आरंभ हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या अभिरंजनाने होतो. गाठीतील पेशी स्वतः पित्त तयार करताना दिसल्या, तर त्या यकृतपेशीजन्य असल्याचा तो सबळ पुरावा असतो. शंका उरल्यास विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून ते प्रथिन जेथे असेल तेथे बहुधा तपकिरी रंग उमटवला जातो; ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री होय.

हेप-पार-१ हा प्रतिपिंड युरिया चक्रातील (अमोनियापासून युरिया बनवणाऱ्या प्रक्रियेतील) एका विकराला (एन्झाइमला) चिकटतो व यकृतपेशींत कणीदार रंग देतो. परंतु अल्पविभेदित (ज्यांच्या पेशी मूळ पेशींसारख्या फारशा दिसत नाहीत अशा) गाठींत तो फिका पडतो आणि जठराच्या काही कर्करोगांतही उमटतो. त्याच चक्रातील आर्जिनेज-१ अधिक भरवशाचे मानले जाते. ग्लिपिकॅन-३ हे प्रथिन प्रौढांच्या निरोगी यकृतपेशींत सहसा दिसत नाही, पण यकृताच्या अल्पविभेदित कर्करोगात अनेकदा दिसते, म्हणून आर्जिनेजच्या जोडीला ते उपयोगी पडते.

रंग उमटला की नाही याइतकेच तो पेशीत कोठे उमटला यालाही महत्त्व आहे. टीटीएफ-१ या प्रथिनाचा रंग केंद्रकात असेल तर फुप्फुस किंवा थायरॉइडकडे बोट जाते. यकृतपेशींत काही प्रतिपिंडांनी तो केवळ पेशीद्रव्यात दिसतो. त्यामुळे नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला अहवाल अपुराच म्हणावा लागतो.

सायटोकेराटिन-२० व सीडीएक्स-२ ही प्रथिने उमटून सायटोकेराटिन-७ न उमटणे हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे नेहमीचे चित्र आहे. गाटा-३ हे प्रथिन स्तनाच्या कर्करोगाकडे निर्देश करते, मात्र ते मूत्राशयाच्या कर्करोगातही आढळते. खरी अडचण यकृतांतर्गत पित्तनलिकेचा कर्करोग आणि स्वादुपिंडातून आलेली गाठ यांच्यात येते, कारण दोहोंचे अभिरंजन जवळजवळ सारखे असते. अल्ब्युमिन या यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनाच्या आरएनएचा पेशींतच शोध घेतल्यास काही प्रकरणे सुटतात. एरवी स्वादुपिंडाच्या स्कॅनवरच विसंबावे लागते.

सुईने काढलेला तुकडा धाग्याएवढा बारीक असतो आणि पुढील जनुकीय चाचण्यांसाठीही त्यातलेच ऊतक लागते. म्हणून जाणकार विकृतिवैज्ञानिक (पॅथॉलॉजिस्ट) आधी मोजकीच अभिरंजने निवडून, त्यांचे उत्तर पाहूनच पुढची मागवतात.