स्वप्नासारखं दिसलं म्हणून सर्रिअल नव्हे

काळसर पाणी, एक होडी, तिच्यात पांढऱ्या वस्त्रातली पाठमोरी आकृती. हे चित्र फोनवर फिरत आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, 'काय सर्रिअल आहे!' चित्र स्विस चित्रकार आर्नोल्ड ब्योक्लिनचं, 'मृतांचं बेट'. ते प्रतीकवादी आहे, म्हणजे भावना थेट न सांगता प्रतिमांतून सुचवणारं. सर्रिअल म्हणजे अतिवास्तववादी, नेणिवेतल्या, तर्काबाहेरच्या प्रतिमा मांडणारं. त्या अतिवास्तववादाचा जाहीरनामा निघाला १९२४ मध्ये, ब्योक्लिन १९०१ मध्येच वारला होता.

पण सनावळी राहू द्या, चित्रच बघा. खडक, सायप्रसची उंच काळपट झाडं, वल्हवणारा, शवपेटी. यात अशक्य असं काहीच नाही. तरी जागेपणी पाहिल्यासारखं वाटत नाही. १८८० मध्ये मारी बेर्ना नावाची विधवा फ्लॉरेन्समध्ये ब्योक्लिनच्या स्टुडिओत आली आणि बघता बघता स्वप्नात हरवता येईल असं चित्र तिने मागितलं. होडीतली शवपेटी आणि ती उभी आकृती आली तिच्याच सांगण्यावरून. तिचा नवरा घटसर्पाने गेला होता. म्हणजे या धुक्यामागे एक ठरावीक दुःख आहे, फक्त ते तोंडाने सांगितलेलं नाही. ब्योक्लिनने १८८६ पर्यंत हा विषय पाच वेळा रंगवला, आणि तिसऱ्या चित्रापासून उजवीकडच्या एका थडग्यावर स्वतःची आद्याक्षरंही घातली. 'मृतांचं बेट' हे नाव मात्र चित्रविक्रेत्याने ठेवलेलं!

आता अतिवास्तववादी साल्वादोर दालीचं 'स्मृतीचं सातत्य' घ्या. १९३१चं, २४ बाय ३३ सेंटिमीटर, ए-फोर कागदाहून जेमतेम मोठं. घड्याळं ओल्या फडक्यासारखी लोंबताहेत. एक तेवढं बंद आणि कडक, पण त्याला मुंग्या लागल्यात, गुळाच्या ढेपेला लागाव्यात तशा. मरण इथेही आहे, कुजण्याच्या रूपात. पण ही घड्याळं कशाची प्रतीकं, असं विचारलं तर दाली पाघळलेल्या कामाँबेर चीजची गोष्ट सांगायचा. दुःख कुणाचं, हा प्रश्नच इथे लागू होत नाही.

अशक्य वस्तू दिसली की अतिवास्तववाद, ही सोपी खूण मात्र धरू नका. ओदिलों रदों या प्रतीकवाद्याने १८८२ मध्येच डोळ्याचा बलून करून आकाशात सोडला होता.

आणि गोंधळाला दालीही जबाबदार आहेच. १९३२ मध्ये त्याने एक चित्र काढून त्याला नाव दिलं: 'आंजेलसच्या वेळचं, आर्नोल्ड ब्योक्लिनच्या मृतांच्या बेटाचं खरं चित्र'. (आंजेलस ही ख्रिस्ती प्रार्थना.)