सवड देणारा कर्करोग

गर्भाशयाच्या मुखाशी एक अरुंद पट्टा असतो. आतलं एकपदरी, नाजूक अस्तर आणि योनीकडचं अनेकपदरी, चिवट अस्तर तिथे एकमेकांना भिडतात. वयात येताना या पट्ट्यातल्या पेशी आपली जात बदलत असतात, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसला, म्हणजे एचपीव्हीला, नेमकी हीच जागा सोयीची पडते.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आढळतो की बहुतेकांना तो कधी ना कधी गाठतोच. शिवाय वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये एचपीव्ही दिसला म्हणून जोडीदाराची उलटतपासणी घेण्यात काही अर्थ नाही. बहुतेक वेळा शरीरच एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. त्याने मुक्काम ठोकला, तर मात्र त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशींच्या वाढीला लगाम घालणारी पी५३ आणि आरबी ही प्रथिनं निकामी करतात. तरीही पेशी बिघडू लागल्यापासून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्हीवर उपचार न मिळालेल्या बायकांना एवढी सवड मिळत नाही. सिगारेटही धोका वाढवते.

ही सवड वापरायला मोठी यंत्रं लागतातच असं नाही. ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींत प्रथिनं दाटलेली असतात. ती साकळतात आणि गुलाबी मुखावर पांढरा डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. थोड्या वेळाने तो विरतोही. असा भाग गोठवून किंवा जाळून टाकता येतो, पिशवी काढावी लागत नाही. पॅप टेस्ट, म्हणजे तिथल्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, जुनी आणि भरवशाची. एचपीव्हीची डीएनए चाचणी अधिक अचूक, आणि तिचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. तिशीनंतर ती ५ ते १० वर्षांनी केली तरी चालते.

जर्मन विषाणूतज्ज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने १९८३ मध्ये या कर्करोगात एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला; २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १६ आणि १८ हे दोनच प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. २००६ मध्ये आलेली लस म्हणजे विषाणूचं नुसतं रिकामं टरफल. आत डीएनए नाही, त्यामुळे लसीतून संसर्ग होणं शक्यच नाही. ९ ते १४ या वयात ती द्यायची, कारण आधीच शिरलेल्या विषाणूला ती बाहेर काढत नाही. सगळे प्रकारही ती अडवत नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी आहेच.