ट्रुमन यांच्या विजयाचा आराखडा नेमका कोणाचा?

क्लार्क क्लिफर्ड हे व्हाइट हाउसमधील कायदा सल्लागार 1950 साली सरकारी सेवेतून बाहेर पडले आणि वॉशिंग्टनमधील बड्या कंपन्यांचे वजनदार वकील झाले. 1948 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तत्कालीन अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना अनपेक्षित विजय मिळवून देणारा, प्रचाराच्या डावपेचांचा 43 पानांचा मसुदा त्यांनीच लिहिला, ही समजूत कित्येक वर्षे प्रचलित होती. ती बरोबर नाही.

नोव्हेंबर 1947 मध्ये क्लिफर्ड यांच्या नावाने अध्यक्षांकडे गेलेल्या या मसुद्याचा मोठा भाग जेम्स रो यांचा होता. रो हे ट्रुमन यांच्या आधीचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे जुने सहायक. परंतु त्यांचे वकिलीतील भागीदार टॉमी कॉर्कोरन ट्रुमन यांच्या मर्जीतले नसल्याने, रो यांच्या नावाने कागद गेला असता तर तो वाचलाच जाणार नाही, अशी रास्त भीती होती. क्लिफर्ड यांनी त्यात भर घातली, फेरफार केले आणि पुढे रो यांचा वाटा मान्यही केला. मात्र तोवर श्रेय क्लिफर्ड यांच्याच नावावर पक्के झाले होते.

शिवाय मसुदा अचूकही नव्हता. दक्षिणेकडील राज्ये ट्रुमन यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाला सोडणार नाहीत असे त्यात गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्यांपैकी चार राज्ये पक्षातून फुटून उभे राहिलेले दक्षिणेतील नेते स्ट्रॉम थर्मंड यांनी जिंकली.

क्लिफर्ड स्वतःला लॉबिस्ट, म्हणजे अशिलांसाठी सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकणारा मध्यस्थ, म्हणवून घेत नसत, तरी अशिलांना त्यांच्याकडून कायद्याइतकीच सत्तेच्या अंतर्गत व्यवहाराची जाण हवी असे, आणि या जाणकारीच्या लौकिकाला 1948 च्या त्या श्रेयाने निश्चितच हातभार लावला.