‘कोस्टा माया’च्या आधीचं माहावाल

गोव्या-कोकणातली जी पोरं क्रूझ जहाजांवर नोकरीला आहेत, त्यांतल्या अनेकांना ‘कोस्टा माया’ हे नाव ठाऊक असेल. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा हा एक थांबा. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. मात्र या नावाचं गाव तिथे कधीच नव्हतं. ‘कोस्टा माया’ म्हणजे माया लोकांचा किनारा, आणि हे बारसं पर्यटनवाल्यांनी केलेलं. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर जे खरं गाव आहे, त्याचं नाव माहावाल. जहाजाच्या धक्क्याला लागूनच दुकानं, तरणतलाव, दारूचे बार असं सगळं असल्यामुळे बरेच प्रवासी गावात पाऊलही न टाकता परत फिरतात.

हा किनारा इतका उशिरा का वसला, याचं उत्तर एका युद्धात आहे. हा किनारा ज्या युकातान द्वीपकल्पावर आहे, तिथल्या माया लोकांनी १८४७ मध्ये बंड पुकारलं आणि द्वीपकल्पाचा पूर्व भाग अर्धशतकभर मेक्सिको सरकारच्या हाती नव्हताच. दक्षिणेला लागून असलेल्या ब्रिटिश होंडुरासमधून (आजचं बेलीझ) बंडखोरांना बंदुका मिळायच्या. ती वाट अडवायला नौदलाचा अधिकारी ओथोन पोम्पेयो ब्लांको १८९८ मध्ये एक तरंगती चौकी घेऊन नदीच्या मुखाशी आला. तिथेच पुढे आजचं चेतुमाल शहर उभं राहिलं. हा किनारा ज्यात येतो तो किंताना रू हा स्वतंत्र प्रदेश झाला १९०२ मध्ये आणि राज्याचा दर्जा मिळाला थेट १९७४ मध्ये.

मधल्या काळात या किनाऱ्यावर होत्या नारळाच्या बागा आणि विखुरलेली कोळ्यांची वस्ती. खोबरं विकायचं, मासे खायचे, उरलेले खारवायचे. २८ सप्टेंबर १९५५ ला जॅनेट वादळाने चेतुमाल आणि दक्षिणेकडचं इश्कालाक हे गाव झोपवलं. मग १९८० च्या दशकात माडांना पिवळेपणाचा जीवघेणा रोग लागला आणि बागा उजाड होत गेल्या. माड गेले म्हणजे काय गेलं, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको.

राहिला समुद्र. माहावालच्या कोळ्याचं खरं शेत गावासमोर नाही, तीसेक किलोमीटर आत आहे: बांको चिंचोर्रो नावाचं प्रवाळांचं विशाल कडं. चिंचोर्रो हा स्पॅनिशमध्ये एका ओढजाळ्याचा शब्द, आपल्या रापणीच्या जातकुळीतला. तिथे शेवंड (लॉब्स्टर) आणि मोठा गुलाबी शंख मिळतो, तोही श्वास रोखून बुडी मारून काढायचा. या कड्याच्या मधोमध एका बेटाजवळ पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या कोळ्यांच्या झोपड्या आहेत. मासेमारी सहकारी संस्थांच्या हाती आहे, आणि शेवंडीला १ मार्च ते ३० जून बंदी असते. १९९६ मध्ये हा सगळा भाग राखीव जीवावरण क्षेत्र जाहीर झाला. शंख मात्र इतका घटला की तो काढणं काही वर्षं थांबवावं लागलं.

इकडे उत्तरेला, रस्त्याने साडेतीनेकशे किलोमीटरवर, १९७० पासून कानकून उभं राहत होतं. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेनेच परकीय चलनासाठी आखलेलं ते शहर. कानकून भरलं, त्याच्या खालची किनारपट्टी भरली, तेव्हा राज्याची नजर दक्षिणेच्या मोकळ्या पट्ट्यावर गेली. १९९२ च्या घटनादुरुस्तीने एहिदोच्या, म्हणजे गावकीच्या सामाईक, जमिनी विकण्याची वाटही मोकळी झाली होती. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला थेट मालकी मिळत नाही, पण बँकेच्या न्यासामार्फत तो घर घेऊ शकतो. कागदावर बंदी, व्यवहारात वाट. २००१ मध्ये क्रूझचा धक्का सुरू झाला आणि काही वर्षांतच गावात एका दिवशी रहिवाशांच्या कितीतरी पट पाहुणे उतरू लागले.

२१ ऑगस्ट २००७ ला डीन वादळ माहावालजवळच जमिनीवर आलं. पाचव्या श्रेणीचं, ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाचं. लोकांना आधीच हलवलं होतं, पण धक्का मोडला आणि किनाऱ्यावरची घरं भुईसपाट झाली. आज पाहुणा ज्या मालेकॉनवर, म्हणजे समुद्रालगतच्या पादचारी रस्त्यावर, फिरतो तो या पडझडीनंतर घडलेल्या माहावालचा चेहरा. धक्का पुढच्याच वर्षी पुन्हा चालू झाला, आणि आधीपेक्षा मोठ्या जहाजांसाठी. गावाच्या डागडुजीपेक्षा धक्क्याला घाई होती, असं मला तरी वाटतं. पुळणीचा वीस मीटरचा पट्टा कायद्याने सार्वजनिक आहे, तरी परवाना घेऊन त्यावर खुर्च्या-छत्र्या मांडता येतात. त्यामुळे जहाज लागलेल्या दिवशी समुद्राकडे जाणारी प्रत्येक वाट कुणाच्या ना कुणाच्या खुर्च्यांमधून जाते.

त्याच २००७ मध्ये मेक्सिकोने खारफुटी तोडण्यावर कडक निर्बंध घालणारं कलम वन्यजीव कायद्यात आणलं. गावामागे खारफुटीच खारफुटी असल्याने पुढचे सगळे वाद इथेच येऊन अडतात. २०१५ पासून सरगॅसम या तपकिरी समुद्री शैवालाचे ढीगही किनाऱ्यावर येऊन कुजू लागले, आणि ते उपसण्याचा खर्च गावाच्या अंगावर पडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने बंदर आणि भोवतालची जमीन घेऊन तिथे २०२७ मध्ये मोठं जल-मनोरंजन संकुल उघडण्याची घोषणा केली. प्रवाळ आणि खारफुटीचं काय, हा प्रश्न विचारत विरोधही सुरू झाला.

या गावाला भेट द्यायचीच असेल तर जहाजांचं वेळापत्रक पाहून, एकही जहाज नसलेला दिवस निवडावा आणि चेतुमालहून बसने यावं. जुलै उजाडला असेल तर चिंचोर्रोहून परतलेल्या होड्यांतून शेवंडी उतरताना दिसतील.