पांढरी तबकडी, दोन काटे: साध्या घड्याळामागचा इतिहास

'मोठं नको, चमकणारं नको, ऑफिसात चालेल आणि लग्नातही शोभेल, दोन-तीन हजारांत बसवा.' घड्याळाच्या दुकानात असं सांगणारं गिऱ्हाईक आता जळगाव-धुळ्यातही भेटतं. स्मार्टवॉच रोज चार्ज करून कंटाळलेल्यांची ही नवी आवड आहे, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. खानदेशातलं रोजचं घड्याळ आधीपासून असंच होतं, फक्त ते आवडीपेक्षा ऐपतीने ठरलं होतं.

मिनिटांचा हिशेब इकडे आणला रेल्वेने. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे भुसावळला पोहोचली आणि तोवर सूर्यावर चालणाऱ्या मुलखात वेळेचा चांगलाच घोळ झाला. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, रेल्वे ज्या मद्रास वेळेवर चाले ती ५ तास २१ मिनिटं पुढे आणि भुसावळचा सूर्य या दोन्हींच्या मध्ये, साधारण ५ तास ३ मिनिटांवर. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. (त्याच वर्षी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, एकाच वर्षी वेळ जोडली गेली आणि जिल्हा तुटला.) आजही घड्याळात बारा वाजतात तेव्हा भुसावळचा सूर्य डोक्यावर यायला सरासरी सत्तावीस मिनिटं बाकी असतात.

त्या काळी गार्डाचं घड्याळ खिशात असे, साखळीला बांधलेलं. मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना खिशात हात घालायला सवड नव्हती, तेव्हा ते पुरुषांच्या मनगटावर आलं आणि तिथेच राहिलं. पुढे युरोपात कोटाच्या बाहीखाली सरकेल असं पातळ, कमी मजकुराचं घड्याळ हे सभ्यपणाचं लक्षण ठरलं. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १९३२ चं 'कालात्राव्हा' जेमतेम ३१ मिलिमीटर व्यासाचं होतं. आज ड्रेस वॉच (नीटनेटक्या पोशाखावर घालायचं घड्याळ) म्हणून जे विकलं जातं, त्याचा साचा बव्हंशी तोच.

आपल्याकडे मात्र तो साचा एचएमटी या सरकारी कंपनीमार्फत आला. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला कारखाना सुरू झाला. त्याआधी फेवर लुबासारखी स्विस घड्याळं मिळत, पण ती पैसेवाल्यांची. नोकरदाराने दुरूनच पाहायची. एचएमटीचं 'जनता' मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं. साधारण ३५ मिलिमीटरचं, चावीचं, १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे झीज कमी करणारे आतले बारीक खडे). तारीख नाही, वार नाही. तबकडी पांढरी, काटे बारीक आणि काही तबकड्यांवर नाव चक्क देवनागरीत. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची, ती घट्ट लागली की थांबायचं आणि आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर काटे जुळवायचे, हा घरातल्या कर्त्या माणसाचा नेम. दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे झालं तर कुणी तक्रार करत नसे. गावात एकाच्या मनगटावर घड्याळ असलं की ते साऱ्या गल्लीचं. 'कितला वाजनात, भो?' विचारणारे दिवसभर.

लग्नातला हिशेब वेगळा. घड्याळ, सायकल आणि रेडिओ हे जावयाच्या मानपानातले ठरलेले तीन जिन्नस. मानपान म्हणा नाहीतर हुंडा, त्यासाठी एचएमटीचं सोनेरी 'कांचन' हवं असे आणि लग्नसराईत ते मिळवताना वधूपित्याची दमछाक होई. पण कांचन बहुधा समारंभापुरतं निघे. कामावर जाताना हातात साधंच घड्याळ.

हे सगळं सेलच्या घड्याळाने बदललं. सेइकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आजच्या बहुतेक सेलच्या घड्याळांत क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे महिन्याला चूक सुमारे पंधरा सेकंदांची. टाटा आणि तामिळनाडू सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाची टायटन कंपनी १९८४ मध्ये स्थापन झाली, तिची घड्याळं १९८७ मध्ये दुकानांत आली आणि एचएमटीची घसरण सुरू झाली. २००२ मध्ये टायटनने अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचं 'एज' काढलं. स्वस्तातल्या गिऱ्हाइकासाठी त्यांचंच 'सोनाटा' होतं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला.

बंद पडल्यावर 'जनता'ला भाव आला. इथे सावध राहावं. ऑनलाइन विकली जाणारी निळी, केशरी, हिरवी 'जुनी' जनता घड्याळं पुष्कळदा नव्याने रंगवलेल्या तबकडीची असतात. भिंगातून पाहा: मिनिटांच्या रेघा कमीजास्त जाडीच्या, अक्षरांच्या कडा पसरलेल्या, सहाच्या खालचा बारीक मजकूर गायब. घड्याळ चालेलही, पण जुन्याचे पैसे देऊ नयेत. शिवाय चावीच्या घड्याळाला दर काही वर्षांनी उघडून साफसफाई आणि तेल लागतं. ते करणारा कारागीर आता शोधावा लागतो. सेल मात्र पाच मिनिटांत कुठेही बदलून मिळतो. रोज वापरायचं असेल तर माझं मत सरळ सेलच्या घड्याळाला: तबकडी पांढरी किंवा फिकट, आकार ३६ ते ३८ मिलिमीटर, जाडी आठ मिलिमीटरच्या आत.

पट्ट्याचा विचार मात्र पुस्तकी सल्ल्याने करू नये. ड्रेस वॉचला चामडी पट्टाच हवा, हा थंड देशातला नियम. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा चामडं घामाने काळवंडतं आणि त्याला वास येतो. म्हणून जुनी माणसं मनगटाचे केस उपटणारी ताणाची स्टीलची चेन मुकाट्याने वापरत. आता पट्टा अडकवायच्या खाचेची रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर असलेलं घड्याळ घ्यावं. या मापाचे पट्टे सहज मिळतात, हिवाळ्यात चामडी आणि उन्हाळ्यात कापडी किंवा स्टीलचा असा बदल करता येतो. आणि मागच्या झाकणावर '३० मीटर' लिहिलेलं असलं तरी ते हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं आहे. तापीत उतरताना घड्याळ काठावर काढून ठेवावं.